मासा स्वतःला ओळखतो का?

गेल्या अंकात काचेच्या टाकीतील पाण्याची निगा कशी राखावी, याविषयी मी लिहिले होते. त्यावर आलेली पत्रे वाचताना असे लक्षात आले की, विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांना पाण्यापेक्षा पाण्यात राहणाऱ्याच्या मनाची अधिक उत्सुकता आहे. मी तालुक्याच्या महाविद्यालयात अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले; पण तेथे मासा आम्ही खवले, कल्ले आणि दोन कप्प्यांचे हृदय एवढ्यापुरताच शिकवत होतो आणि त्याच्या मेंदूची आकृती नावे देऊन पूर्ण झाली की पुढच्या प्रकरणाकडे वळत होतो. त्या मेंदूला काय कळते, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही आणि मीही तो वर्गात उपस्थित केला नाही, याची मला आज खंत वाटते. म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरी निळ्या रंगाचा एक फायटर मासा आहे. मुलांनी त्याच्यासमोर छोटा आरसा धरला की तो कल्ले फुगवतो, पर ताठ करतो आणि आरशावर धाव घेतो. संध्याकाळी टाकीतला दिवा लावल्यावर तर आरसा नसतानाही तो काचेवर तसाच धावून जातो. मॅडम, आरशात दिसतो तो आपणच आहोत, हे त्याला कळत नाही का? माशाला "मी" ही जाणीव असते का?
— एक शिक्षिका, भंडारा जिल्हा

आधी संध्याकाळचे कोडे सोडवते, कारण ते सोपे आहे. खोलीत अंधार आणि टाकीत उजेड असला की काचेची आतली बाजू आरशासारखी होते. रात्रीच्या एसटीत आतला दिवा लागलेला असताना खिडकीतून बाहेरचा रस्ता दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. तोच हा प्रकार आहे. आपल्या फायटरला रोज संध्याकाळी चारही बाजूंनी शत्रूने घेरल्यासारखे वाटत असणार. टाकीचा दिवा लावताना खोलीतलाही दिवा चालू ठेवावा, टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून कागद चिकटवावा आणि मुलांना आरशाचा खेळ थांबवायला सांगावे. जो शत्रू कधी हरत नाही आणि कधी माघारही घेत नाही, त्याच्याशी रोज लढायला लावणे हे त्या जिवाला दमवणे आहे.

आता आपला मूळ प्रश्न. प्राण्याला स्वतःची ओळख आहे की नाही हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये एक चाचणी मांडली. त्यांनी चिंपांझींना काही दिवस आरशाची सवय होऊ दिली, मग त्यांना गुंगी देऊन कपाळाजवळ अशा जागी रंगाचा ठिपका लावला की तो आरशाशिवाय दिसणार नाही. शुद्धीवर आल्यावर चिंपांझींनी आरशात पाहून स्वतःच्या चेहऱ्यावरच्या ठिपक्याला हात लावला. समोर दिसणारे शरीर आपलेच आहे हे कळल्याशिवाय हात आरशाकडे न जाता स्वतःकडे कसा जाईल, असा हा युक्तिवाद आहे. त्यानंतरच्या काळात डॉल्फिन, आशियाई हत्ती आणि मॅगपाय पक्षी या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. बहुतेक माकडे आणि कुत्री मात्र उत्तीर्ण झाली नाहीत. मासा या यादीत कधी येईल, असे फार थोड्यांना वाटले असेल.

तो आला, आणि तोही फायटर नव्हे. समुद्रातील प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारा, बोटभर लांबीचा, अंगावर काळा पट्टा असलेला क्लीनर रास नावाचा हा मासा आहे. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणे हा त्याचा चरितार्थ. जपानमधील ओसाका येथील मासानोरी कोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांना आरशासमोर ठेवले. पहिल्या एकदोन दिवसांत ते आपल्या फायटरसारखेच प्रतिबिंबावर तोंड आपटत होते. नंतर लढणे कमी झाले आणि त्याच्या जागी एक विलक्षण वागणे दिसू लागले : आरशासमोर उलटे पोहणे, झटकन पुढे येऊन थांबणे, म्हणजे एरवी कोणताही मासा दुसऱ्या माशासमोर करत नाही अशा हालचाली. मी हलतो तेव्हा तोही हलतो का, हे ते पडताळून पाहत असावेत, असा संशोधकांचा अर्थ आहे. त्यानंतर त्यांच्या गळ्याखाली, त्वचेच्या आत, तपकिरी रंगाचा ठिपका टोचला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात चारपैकी तीन माशांनी आरशात पाहिल्यावर गळा तळाशी घासला. ठिपका बिनरंगी असेल तर त्यांनी घासले नाही आणि रंगीत ठिपका असूनही आरसा नसेल तरीही घासले नाही. माशाला हात नसतात; अंगाला चिकटलेले काही काढायचे तर घासणे हाच त्याचा हात.

यावर मोठा वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते. स्वतः गॅलप यांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. तपकिरी ठिपका परजीवीसारखा दिसतो आणि परजीवी दिसला की लक्ष देणे हे तर या माशाचे रोजचे काम आहे, मग यात स्वतःची ओळख कोठून आली, असा त्यांचा आक्षेप होता. चार मासे ही संख्याही फार लहान होती. कोडा यांच्या गटाने २०२२ मध्ये अधिक मासे घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तपकिरी ठिपका लावलेल्या चौदाच्या चौदा नव्या माशांनी गळा घासला. हिरवा किंवा निळा ठिपका लावला तेव्हा मात्र त्यांनी घासले नाही. मला या निकालातील हा दुसरा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या खुणेचा माशाच्या आयुष्याशी काही संबंध नाही, तिच्याकडे तो दुर्लक्ष करतो. म्हणजे यापूर्वी जे प्राणी चाचणीत "नापास" झाले, त्यांच्यापैकी काहींना कदाचित आरसा कळला असेल, पण ठिपक्याची पर्वा नसेल. कुत्र्याचे जग वासाचे आहे, त्याला आरशासमोर बसवून आपण आपल्या विषयाची परीक्षा घेत आलो.

पुढे २०२३ मध्ये याच गटाने माशांना छायाचित्रे दाखवली. आरशाची ओळख झालेल्या माशांनी अनोळखी माशाच्या छायाचित्रावर हल्ला केला, स्वतःच्या छायाचित्रावर केला नाही. मग चेहरा स्वतःचा आणि धड दुसऱ्याचे अशी जोडचित्रे दाखवली, तेव्हाही त्यांनी हल्ला केला नाही. चेहरा दुसऱ्याचा आणि धड स्वतःचे असेल तर केला. छायाचित्र हलत नाही, त्यामुळे हालचाल जुळते म्हणून ओळखले, असे येथे म्हणता येत नाही. आपला चेहरा कसा आहे याची काहीतरी प्रतिमा त्या लहानशा मेंदूत साठलेली असली पाहिजे. २०२४ च्या प्रयोगात आपल्यापेक्षा दहा टक्के मोठ्या माशाचे चित्र समोर आले असता आरसा पाहिलेले मासे लढायला कचरले, आणि आरसा जवळ असेल तर आधी जाऊन आपले माप पाहून आले, असे आढळले.

हे सर्व वाचून मी बराच काळ विचार करत राहिले आणि माझे मत असे झाले आहे. आपले शरीर हे आपले आहे, ते इतके मोठे आहे आणि ते असे दिसते, एवढी ओळख या एका माशाला आहे, असे म्हणायला आता चांगला आधार आहे. "मी कोण, माझे काय होणार" असा विचार तो करतो, असे यातून सिद्ध होत नाही. फ्रान्स द वाल या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने २०१९ मध्येच म्हटले होते की, स्वत्वाची जाणीव ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद अशी न मानता पायरीपायरीने वाढत जाणारी गोष्ट मानावी. मला ते पटते. आपल्या फायटरने मात्र अशी चाचणी दिलेली नाही. तो आरशाशी लढतो एवढेच आपल्याला दिसते. पण त्याला बुद्धी नाही, असा अर्थ यातून काढू नये. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फायटर नरांना शेजारच्या टाक्यांतील दोन नरांची झुंज काचेतून पाहू दिली होती. नंतर समोर आणले असता त्यांनी जिंकलेल्याकडे जायला हरलेल्यापेक्षा अधिक वेळ लावला. ज्यांनी झुंज पाहिलीच नव्हती, त्यांनी असा फरक केला नाही. बांधावर उभे राहून कुस्ती पाहणारा जसा कोणाशी भिडायचे आणि कोणाशी नाही हे ठरवतो, तसेच हे आहे.

प्रश्न : माझ्या किराणा दुकानात काउंटरच्या बाजूला गोल्ड फिशची टाकी आहे. मी सकाळी शटर उघडले की मासे काचेजवळ गोळा होतात. माझा नोकर आला तर होत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतात की गोल्ड फिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते. मग हे मासे मला ओळखतात की मला तसे वाटते?
— एक दुकानदार, वाशीम जिल्हा

तीन सेकंदांची गोष्ट साफ खोटी आहे आणि ती खोटी असल्याचे शास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुढे मधमाशांच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्ये एका आंधळ्या मार्जारमीनाविषयी लिहिले होते. आपल्याकडच्या शिंगी आणि मांगूर या माशांच्या गोतातला तो. खाऊ देण्यापूर्वी शिटी वाजवण्याचा क्रम त्यांनी काही दिवस ठेवला आणि मग नुसती शिटी ऐकून मासा आपल्या मातीच्या नळीतून बाहेर येऊ लागला. मासे ऐकू शकत नाहीत, असे त्या काळी मानणाऱ्यांना हे उत्तर होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोल्ड फिशना दांडी दाबून खाद्य मिळवायला शिकवले गेले आणि ती दांडी दिवसातल्या ठरावीक वेळीच खाद्य देईल अशी व्यवस्था केली गेली. मासे ती वेळ जवळ आली की दांडीकडे वळू लागले. ऑस्ट्रेलियातील रेनबो माशांना जाळ्यातील एकमेव भोकातून निसटण्याची वाट पाच प्रयत्नांत सापडली होती, आणि अकरा महिन्यांनी तेच जाळे पुन्हा आणले तेव्हा ती वाट त्यांच्या ध्यानात होती. इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठात तर २०२२ मध्ये सहा गोल्ड फिशना चाकांवरची टाकी पोहण्याच्या दिशेने चालवायला शिकवले गेले आणि त्यांनी ती खोलीतील खुणेपर्यंत नेली. तीन सेकंदांत विसरणाऱ्याला यातले काहीच जमले नसते.

आता ओळखण्याविषयी. मासा माणसाचा चेहरा ओळखू शकतो का, याचे एक उत्तर २०१६ मध्ये आले. तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणाऱ्या आर्चर माशांना पडद्यावर दोन चेहरे दाखवून त्यांपैकी एकावर पिचकारी मारायला शिकवले गेले. नंतर तोच चेहरा ४४ नव्या चेहऱ्यांच्या जोडीने दाखवला, तेव्हा त्यांनी तो सरासरी ८१ टक्के वेळा बरोबर निवडला. माणसाचा चेहरा ओळखण्याची माशाला पिढ्यान्‌पिढ्या कधी गरज पडली नव्हती, तरी तो हे शिकला.

तरीही आपले मासे आपल्याला चेहऱ्यावरूनच ओळखतात, असे मी म्हणणार नाही. गोल्ड फिश हा आपल्या तलावातील रोहू, कटला आणि मृगळ यांच्याच कुळातला आहे. या कुळातील माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते आणि त्यामुळे त्यांना चांगले ऐकू येते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या संवेदी रेषेला पाण्यातली बारीक हालचालही जाणवते. आपण शटर वर ढकलता त्याचा आवाज, आपली पावले, खाद्याच्या डबीचा खुळखुळाट, आपला नेहमीचा पांढरा सदरा, यांपैकी कशानेही त्यांना आपण आल्याचे कळत असेल. हे पडताळून पाहणे आपल्याच हातात आहे. चार दिवस नोकराला शटर उघडायला सांगावे आणि त्याने खाद्य द्यावे; नंतर चार दिवस आपण मागच्या दाराने, डबी न वाजवता, वेगळ्या रंगाचा सदरा घालून समोर उभे राहावे. मासे कशाने येतात आणि कशाने येत नाहीत, हे काही दिवसांत आपल्यालाच दिसेल. त्यातून ते "फक्त डबी ओळखतात" असे निघाले तरी कमीपणा मानू नये. आवाजाचा आणि अन्नाचा संबंध जोडून तो महिनोन्‌महिने ध्यानात ठेवणे हीदेखील बुद्धीच आहे.

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर मासेमारी करणारे ढिवर. मरळ आपल्या पिलांच्या लाल झुंडीखाली राखण करत फिरते आणि जवळ गेलेल्या बेडकावरही तुटून पडते, हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. माझ्या नातवाने आणलेले टाकीतले मासे मला त्यापुढे मंद वाटतात. टाकीत मासा मठ्ठ होतो का?
— एक ज्येष्ठ वाचक, गोंदिया जिल्हा

आजोबा, आपले पत्र मी दोनदा वाचले. मरळीच्या पालकत्वाविषयी आपण जे लिहिले आहे, ते अचूक आहे. वनस्पतींच्या दाटीत जागा मोकळी करून अंडी घालणे, ती राखणे आणि पिले मोठी होईपर्यंत त्यांच्या खालून फिरणे, हे सारे मरळ करते. पिलांचे तांबूस थवे हवा घेण्यासाठी वर आले की पाण्यावर बुडबुडे उठतात आणि त्यावरून खाली आई-बाप आहेत हे जाणकार ओळखतो. हे ज्ञान आपल्या समाजाने पुस्तकाशिवाय जपले आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी "हो" असे आहे. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण म्हणतो. पण कोठे लपायचे, कोठून वळायचे आणि काय टाळायचे, हे त्याला जागा पाहून शिकावे लागते, आणि शिकण्यासारखे काही नसेल तर मेंदूला काम उरत नाही. सालमन माशांच्या पिलांवर झालेल्या २०१३ मधील अभ्यासात दगड आणि कृत्रिम वनस्पती ठेवलेल्या टाकीत वाढलेली पिले रिकाम्या टाकीत वाढलेल्यांपेक्षा चक्रव्यूहातून बाहेर पडण्यात सरस ठरली, आणि त्यांच्या मेंदूच्या शिकण्याशी संबंधित भागातही फरक आढळला. मी विद्यार्थिदशेत एक गोल्ड फिश वर्षभर गोल बरणीत ठेवला होता. त्यात खडी नव्हती, आडोसा नव्हता, वळायला कोपराही नव्हता. तो दिवसभर एकाच ठिकाणी तरंगत असे आणि मी त्याला शांत स्वभावाचा म्हणत असे. आज ते आठवले की वाईट वाटते. नातवाच्या टाकीत तलावातली थोडी खडी उकळून, धुऊन घालावी, फुटक्या माठाची खापरे कडा घासून आडवी ठेवावीत, पाणवनस्पती लावावी आणि महिन्यातून एकदा खापरांची जागा बदलावी. मग मासा मंद आहे की त्याची टाकी, हे आपल्याला दिसेलच.

प्रश्न : गावात हिवतापासाठी आरोग्य विभागाने सिमेंटच्या टाक्यांत गप्पी मासे सोडले आहेत. एवढ्याशा माशाला अक्कल असेल का?
— एक आरोग्य कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा

आहे, आणि अकलेची किंमत काय असते हे आपल्याला या एवढ्याशा माशानेच दाखवून दिले आहे. स्वीडनमधील संशोधकांनी गप्पींच्या पिढ्यांमधून मोठ्या मेंदूचे आणि लहान मेंदूचे मासे निवडून वेगळे वाढवले. दोन्ही गटांच्या मेंदूंत सुमारे ९ टक्क्यांचा फरक पडला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार मोठ्या मेंदूच्या माद्या कमी-जास्त संख्या ओळखायला चांगल्या शिकल्या. पण मोठ्या मेंदूच्या माशांचे आतडे लहान राहिले आणि त्यांना पिलेही कमी झाली. मेंदू पोसायला अन्न लागते आणि ते शरीराच्या दुसऱ्या कोठल्यातरी भागातून कापून द्यावे लागते. ज्याला ज्या पाण्यात जेवढी अक्कल लागते, तेवढीच त्याच्याकडे टिकते. म्हणून कोणता मासा "सर्वांत हुशार" हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. गप्पी एकमेकांमागे जाऊन अन्नाची वाट शिकतात, हेही सिद्ध झाले आहे. टाक्यात नवे मासे सोडताना जुने काही शिल्लक ठेवले तर नव्यांना जागा लवकर कळायला मदत होईल, असे मला यावरून वाटते. जास्तीचे गप्पी ओढ्यात मात्र सोडू नका. ते आपल्याकडचे नाहीत आणि भराभर वाढतात.

प्रश्न : आमच्याकडे माशांची एक जोडी होती. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, दोन दिवस वीज नव्हती, त्यात एक मासा मेला. दुसरा चार दिवसांपासून कोपऱ्यात बसून आहे, खात नाही. माझी मुलगी म्हणते, तो दुःख करतो आहे. हे खरे असेल का?
— एक गृहिणी, यवतमाळ जिल्हा

ताई, मुलीचे म्हणणे मी खोटे म्हणणार नाही, पण आधी पाणी पाहा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, पंप बंद असला की तो आणखी घटतो, आणि मेलेला मासा काही तास जरी टाकीत राहिला असेल तर त्याच्या कुजण्याने अमोनिया वाढतो. ज्याने पहिल्याचा जीव घेतला, तेच दुसऱ्याला आजारी करत असण्याची शक्यता सर्वांत मोठी आहे. एक चतुर्थांश पाणी बदला. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले आणि टाकीतल्या पाण्याइतकेच उबदार असावे. टाकी खिडकीपासून दूर घ्या, वरचे झाकण काढून जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा येऊ द्या. माठातले पाणी जसे बाष्पीभवनाने थंड होते, तसे हेही थोडे उतरेल. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप आपल्या भागात चैनीची वस्तू नाही, गरजेची आहे. घरात कोणी फवारणी करून आले असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय टाकीत हात घालू नये, आणि त्या खोलीत डासांचा फवाराही मारू नये, कारण त्यातील औषधे माशांना फार घातक असतात.

आता मुलीसाठी. फ्रान्समध्ये कॉन्व्हिक्ट सिक्लिड या जोडीने राहणाऱ्या माशांवर एक प्रयोग झाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माद्यांना आधी शिकवले गेले की एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ असतो आणि दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली नसतो. नंतर दोहोंच्या मधल्या, संदिग्ध रंगाचे झाकण समोर ठेवले. आवडीचा जोडीदार काढून घेतलेल्या माद्या त्या झाकणाकडे जायला अधिक वेळ लावू लागल्या, म्हणजे "काही मिळणार नाही" अशा बाजूने त्यांचा कल झुकला. माणूस उदास असला की अर्धा भरलेला पेला त्याला रिकामा दिसतो, तसेच हे आहे. याला दुःख म्हणावे का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वेदनेविषयीही असाच वाद आहे : २००३ मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठात मधमाशीचे विष किंवा आम्ल टोचले, तेव्हा त्यांनी खाणे सोडले आणि आम्ल टोचलेले मासे ओठ खडीवर घासू लागले, काही शास्त्रज्ञ मात्र माशाच्या मेंदूला आपल्यासारखे बाह्यावरण नाही या कारणाने त्याला वेदनेची जाणीव नाकारतात. पंख आणि हात वेगळे असले तरी दोन्हींनी काम होते; मेंदूचेही तसेच असू शकते, असे मला वाटते. म्हणून संशयाचा फायदा मी माशाला देते. पाणी सुधारल्यावर आठवडाभर वाट पाहा आणि तो थव्यात राहणाऱ्या जातीचा असेल तर मग त्याला सोबत आणा.

प्रश्न : मी नववीत आहे. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी मला माझ्या गोल्ड फिशवर ठिपक्याचा प्रयोग करायचा आहे. कोणता रंग वापरू?
— एक विद्यार्थी, बुलढाणा जिल्हा

कोणताही नको. प्रयोगशाळेत ठिपका टोचताना माशाला गुंगी देतात आणि निर्जंतुक, खास तयार केलेला पदार्थ वापरतात. घरी रंग लावलास तर माशाच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर जाईल आणि तो आजारी पडेल. शिवाय ठिपक्याचे त्याला काही वाटलेच नाही, तर तुला काहीच कळणार नाही.

त्याऐवजी हे कर. टाकीच्या डाव्या काचेवर बाहेरून निळा कागद लाव आणि उजव्या काचेवर पिवळा. दररोज सकाळी ठरलेल्या वेळी खाद्य फक्त निळ्या बाजूला दे, चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल एवढे. दहा दिवस झाले की अकराव्या दिवशी कागदांची अदलाबदल कर आणि खाद्य न देता पाच मिनिटे पाहा : मासा निळ्या कागदाकडे जातो की डाव्या बाजूकडे? निळ्याकडे गेला तर त्याने रंग लक्षात ठेवला, डावीकडे गेला तर जागा. गोल्ड फिशला आपल्यापेक्षा एक प्रकारच्या जास्त रंगपेशी असतात आणि आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो, त्यामुळे निळा कागद त्याला तुझ्यासारखा दिसत असेलच असे नाही. पण दोन कागद वेगळे आहेत, हे त्याला नक्की कळते. पाहणी झाली की त्याचे खाद्य त्याला दे. मग पंधरा दिवस दोन्ही कागद काढून ठेव, खाद्य मधोमध दे आणि सोळाव्या दिवशी पुन्हा लावून पाहा.

दिवस, वेळ, पाण्याचे तापमान, वीज होती की नव्हती आणि मासा आधी कोठे गेला, हे सारे त्याच वेळी वहीत लिही. तो चुकीच्या बाजूला गेला किंवा हललाच नाही, ते दिवसही गाळू नकोस. प्रदर्शन झाल्यावर त्या वहीच्या पानांची प्रत मला पाठव. पुढच्या एखाद्या अंकात आपण ती सर्वांसमोर मांडू.